घाटमाथ्यावरचे टायमिंग आणि चोर्ल्याचा चढ

बेळगुंदी, राकसकोपच्या परिसरात उत्तम धावणारी जुनी पेट्रोल व्हॅन गोव्यात उतरते. परतताना केरी सोडून चोर्ल्याच्या चढणीला लागली की तिच्या इंजिनातून डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येऊ लागतो. अनेक चालक त्याकडे दुर्लक्ष करतात. काहींना तर हा जुन्या गाडीचा स्वभावच वाटतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा त्याचे कारण काही दिवसांपूर्वी ‘ॲव्हरेज वाढवून देतो’ म्हणून गॅरेजमध्ये पुढे सरकवलेल्या टायमिंगमध्ये असते.

जुन्या मारुती ओम्नीत मागची आसने काढून झोपण्याची फळी, पाण्याची टाकी आणि शेगडी बसवून तिचे फिरते घर करणाऱ्यांसाठी हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. (असा बदल परिवहन कार्यालयाच्या परवानगीने करावा लागतो, हे अनेकांच्या गावीही नसते.) १९८४ मध्ये बाजारात आलेल्या या गाडीचे इंजिन ७९६ सीसीचे आणि गाडीचे स्वतःचे वजन सुमारे आठशे किलो. शंभर लिटर पाणी भरले की त्यात शंभर किलोंची भर पडते. एवढ्या लहान इंजिनावर हा भार नगण्य नव्हे.

सिलिंडरमधील पेट्रोल आणि हवेचे मिश्रण ठिणगी पडताच एका क्षणात पेटत नाही. ज्योत प्लगपासून निघून पसरत जाते आणि त्याला सुमारे दोन सहस्रांश सेकंद लागतात. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर एक फेरा २० सहस्रांश सेकंदांत पूर्ण होतो. म्हणजे ज्योत पसरेपर्यंत क्रँक ३५ ते ४० अंश फिरलेला असतो. दाब सर्वाधिक व्हायला हवा तो पिस्टन माथ्यावर पोहोचून साधारण १५ अंश खाली उतरल्यावर. म्हणून ठिणगी पिस्टन वर येण्याआधीच द्यावी लागते. या आगाऊपणालाच गॅरेजच्या भाषेत ‘ॲडव्हान्स’ म्हणतात.

ठिणगी उशिरा पडली तर जळणाची बरीच उष्णता धुराड्यातून निघून जाते, गाडी मंदावते, इंजिन तापते आणि पेट्रोल अधिक लागते. फार लवकर पडली तर पिस्टन वर येत असतानाच दाब वाढतो आणि कोपऱ्यातले न जळलेले मिश्रण आपोआप भडकते. खड्यांसारखा आवाज तोच. तो सतत चालू राहिला तर पिस्टनची कड झिजते, गॅस्केट जळते आणि शेवटी पिस्टनला भोक पडते. लिटरमागे वाचलेल्या अर्ध्या किलोमीटरच्या बदल्यात इंजिन उघडण्याची वेळ येते.

गती आणि भार बदलतील तसा ॲडव्हान्सही बदलावा लागतो. कार्बोरेटरच्या गाड्यांत हे काम डिस्ट्रिब्युटर करतो. गती वाढली की त्यातील दोन छोटी वजने बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पडते. त्याच्या बाजूला थाळीसारखी एक डबी असते व तिच्यातून रबरी नळी कार्बोरेटरकडे जाते. हा व्हॅक्यूम ॲडव्हान्स. सपाट रस्त्यावर पाय हलका ठेवून गाडी चालवताना सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरते आणि ते सावकाश जळते. तेव्हा ही डबी ठिणगी आणखी पुढे नेते. चढणीवर पाय दाबताच व्हॅक्यूम पडतो आणि ती मागे हटते.

जुन्या गाडीची इंधनबचत मुख्यतः या डबीत असते, डिस्ट्रिब्युटर हाताने फिरवण्यात नव्हे. डबीतला पडदा फाटला किंवा नळी तडकली, तर सपाट रस्त्यावरचा ॲडव्हान्स नाहीसा होतो आणि ॲव्हरेज घसरते. मेकॅनिक ते भरून काढण्यासाठी संपूर्ण डिस्ट्रिब्युटर पुढे फिरवतो. सपाटीवर गाडी थोडी सुधारते, पण तो वाढीव ॲडव्हान्स आता चढणीवरही कायम राहतो आणि तेथेच तो घातक ठरतो. तपासणी अगदी सोपी आहे. कार्बोरेटरकडचे टोक काढून नळीत तोंडाने हवा ओढावी. डिस्ट्रिब्युटरमधील पट्टी हलली पाहिजे आणि टोक जिभेने दाबून धरल्यास ती तशीच राहिली पाहिजे. पट्टी परत आली तर डबी किंवा नळी बदलावी. टायमिंगला हात त्यानंतरच लावावा.

पॉईंटच्या गाड्यांत आणखी एक गोष्ट घडते. पॉईंट उघडणारा फायबरचा तुकडा झिजत जातो, फट कमी होते, पॉईंट उशिरा उघडतात आणि टायमिंग कोणी न बदलताही मागे सरकते. ‘गाडी आता पूर्वीसारखी देत नाही’ या तक्रारीच्या मुळाशी अनेकदा एवढेच असते. म्हणून आधी फट, मग टायमिंग. क्रम उलटला तर केलेले काम वाया जाते. डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याचा बुश सैल झाला असेल तर कोणताही आकडा स्थिर राहत नाही. असा बुश करून घेणे बेळगावात तरी अवघड नसावे, उद्यमबागेत लेथची वाण नाही.

टायमिंग पाहताना इंजिन पूर्ण गरम असावे, आयडलिंग पुस्तकात दिलेल्या गतीवर असावे. व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करण्याची सूचना असेल तर तेही करावे. टायमिंग लाईट पहिल्या सिलिंडरच्या वायरला लावून पुलीवरील किंवा फ्लायव्हीलवरील खूण पाहावी. आकडा ज्या-त्या गाडीच्या पुस्तकातलाच घ्यावा. जुन्या विलीज जीपचे ५ अंश दुसऱ्या इंजिनाला चालतीलच असे नाही. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो, हेही ध्यानात असावे. तो हाताने एक अंश फिरवला की टायमिंग दोन अंशांनी बदलते. ‘जरासा’ फिरवणे म्हणूनच महागात पडते.

येथे उंचीचा मुद्दा येतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. तेथे हवेचा दाब पणजीपेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी असतो. सिलिंडर तेवढा कमी भरतो, मिश्रण सावकाश जळते आणि इंजिन सहज खडखडत नाही. त्यामुळे बेळगुंदीत दोन-तीन अंश जास्त ॲडव्हान्स खपून जातो आणि गाडी खरोखर चपळ वाटते. तीच गाडी घाट उतरून सखल, उष्ण आणि दाट हवेत आली की हिशेब चुकतो. त्यातही एप्रिलची दुपार, भरलेली टाकी, आत चार माणसे आणि केरीनंतरचा चढ, म्हणजे इंजिनाची सर्वांत कठीण परीक्षा. ज्यांचे गोव्याला नेहमी जाणे-येणे आहे त्यांनी टायमिंग घाटमाथ्यासाठी नव्हे, तर घाटाच्या पायथ्यासाठी ठेवावे. वर थोडे नुकसान होईल, पण ते लिटरमागे काही मीटरांचे असेल. चढणीपूर्वी पाण्याची टाकी रिकामी करणे हाही एक फुकटचा उपाय आहे.

पेट्रोलही आता पूर्वीचे राहिलेले नाही. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळुरू येथून विक्रीस आले आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळते. त्याचा ऑक्टेन किमान ९५ आहे, पूर्वीच्या साध्या पेट्रोलचा ९१ होता. म्हणजे खडखडण्याची शक्यता थोडी घटली. पण इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. त्यामुळे या मिश्रणातील ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी भरते आणि ही तूट कोणत्याही टायमिंगने पूर्ण भरून निघत नाही. जुन्या कार्बोरेटरला हे इंधन पातळही पडते. घाटमाथ्यावरच्या विरळ हवेत मिश्रण आपोआप थोडे दाट होत असल्याने बेळगुंदीत तो दोष काहीसा झाकला जातो, गोव्यात उघडा पडतो. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने खराब होतात आणि ओम्नीचे इंजिन पुढच्या आसनाखालीच आहे. पेट्रोलचा वास आला तर प्रवास तेथेच थांबवावा.

गॅस किट बसवलेल्या ओम्नींची गोष्ट वेगळी. एलपीजीचा ऑक्टेन शंभराच्या वर असल्याने किट बसवणारे टायमिंग पुढे घेतात. गॅस संपल्यावर गाडी पेट्रोलवर घाट चढू लागली की ती खडखडणारच. अशा गाडीचे टायमिंग पेट्रोलच्या आकड्यावरच ठेवणे शहाणपणाचे.

झालेला फरक मोजायचा तर घाटात मोजू नये. बेळगाव ते संकेश्वर हा महामार्गाचा टप्पा स्थिर गतीने जाऊन-येऊन करावा, एकाच पंपावर टाकी पूर्ण भरावी आणि एका वेळी एकच बदल करावा. टायमिंग, प्लग आणि टायरमधील हवा एकाच दिवशी बदलणाऱ्याला कशाने काय झाले ते कधीच कळत नाही. आवाजाची परीक्षा मात्र पुढे निपाणीच्या अलीकडे तवंदी घाटात घेता येते. गाडी भरलेली असताना एक गिअर वर ठेवून पाय दाबावा. क्षणभर हलका आवाज येऊन थांबला तर चिंता नाही. तो टिकून राहिला तर डिस्ट्रिब्युटर एक अंश मागे घ्यावा आणि पुन्हा पाहावे.

मॅटाडोर किंवा ट्रॅव्हलरवर बांधलेल्या डिझेलच्या फिरत्या घरांना यातले काहीच लागू नाही. तेथे ठिणगीच नसते. डिझेल पंपाचे टायमिंग असते आणि ते रस्त्याच्या कडेला जुळवण्याचे काम नव्हे.