आजीलाही रविवार हवा

नातवाला वरणभात भरवताना आजीची बीपीची गोळी टेबलावर तशीच राहते. संध्याकाळी तो दमून झोपतो, तेव्हा तिचे गुडघे ठणकत असतात. ‘आजी आहे ना घरी’ हे गृहीत धरण्याआधी एवढे जाणून घ्या :

● प्रसूती रजा : प्रसूती लाभ कायद्यातील २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा १२ वरून २६ आठवडे झाली.

● पाळणाघर : ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना त्याच दुरुस्तीने पाळणाघराची सोय बंधनकारक केली. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येते. ऑफिसात याची चौकशी जरूर करा.

● वडिलांची रजा : केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १५ दिवस. खासगी नोकरीत कायद्याची सक्ती नाही.

● अंगणवाडी : ३ ते ६ वर्षांच्या मुलांना पूर्वशालेय शिक्षण मिळते, पण काही तासच. उरलेला दिवस घरावरच येतो.

● घरात ठरवा : आजी-आजोबांची आठवड्याची सुट्टी, दुपारची झोप, मोबाइल आणि गोडाचे नियम. हे आधी बोलले, तर रोजची धुसफूस टळते. सांभाळणाऱ्यालाही कुणीतरी सांभाळायला हवे.