एकच मॉनिटर, दोन मालक

गेल्या दिवाळीआधीची गोष्ट. माझी धाकटी चुलतबहीण इथे बडोद्यात फाइन आर्ट्सला अप्लाइड आर्ट शिकते. तिला पहिलंच पैशाचं काम मिळालं होतं: आत्याच्या मैत्रिणीच्या साड्यांचा कॅटलॉग, २०० प्रती. तिच्या लॅपटॉपचा पडदा लहान, म्हणून ती रात्री माझ्या २७ इंची मॉनिटरवर काम करायची. कॅटलॉग छापून आला तेव्हा त्यातली मोरपंखी पैठणी शेवाळी दिसत होती आणि राणी रंग पार विटलेला. त्या काकूंनी साडी कॅटलॉगशेजारी धरली आणि काही बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं. पुन्हा छपाईचा खर्च बहिणीने स्वतः दिला. पहिली कमाई गेलीच, वर पदरचे गेले.

"दादा, स्क्रीनवर अगदी बरोबर होतं रे," ती म्हणाली.

मी आधी प्रेसला दोष दिला, मग मॉनिटरला. मग सेटिंग उघडून पाहिलं आणि गप्प बसलो. शत्रू अंधारात चटकन दिसावा म्हणून मी ब्राइटनेस १०० वर ठेवला होता आणि ग्राफिक्स कार्डातला 'डिजिटल व्हायब्रन्स' मूळच्या ५० वरून ८० वर नेला होता. त्यामुळे प्रत्येक रंग भडक दिसत होता. ती बिचारी तो भडकपणा बेताचा करत गेली आणि छपाईत जे उरलं ते फिकट आणि काळपट. छपाईआधी एक प्रूफ काढून घ्यायला हवं होतं हे तिचंही चुकलं, पण मोठा वाटा माझा.

म्हणून पुढचा मॉनिटर दोघांनी मिळून घ्यायचा ठरला. पैसे माझे, निवड दोघांची. जुना मी सेलमध्ये एकट्यानेच घेतला होता, तोही फक्त '१६५ हर्ट्झ' वाचून.

हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो. ६० हर्ट्झला एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकतं, १४४ ला ६.९ आणि २४० ला ४.२. म्हणजे ६० वरून १४४ वर जाताना जवळजवळ दहा मिलिसेकंदांची बचत, आणि पुढे २४० पर्यंत जाऊन जेमतेम पावणेतीन. पहिली उडी कोणालाही डोळ्यांनी जाणवते. दुसरीसाठी पैसे मोजायचे तर तुम्ही व्हॅलोरंटच्या स्पर्धा तरी खेळत असायला हवं. मी ऑफिसनंतर तासभर खेळणारा माणूस.

जुन्याची खरी गोम पिक्सेलमध्ये होती. २७ इंचांवर फुल एचडी, म्हणजे इंचाला फक्त ८२ पिक्सेल. गेममध्ये ते चालून जातं. पण बारीक मराठी मजकुरात अनुस्वार, रफार, जोडाक्षरं फुटतात आणि बहिणीला सारखं झूम करावं लागायचं. त्याच आकारात क्यूएचडी घेतलं तर इंचाला १०९ पिक्सेल मिळतात. फोर-के आणखी रेखीव, १६३. पण फोर-केला फुल एचडीच्या चौपट पिक्सेल हलवावे लागतात आणि माझं मधल्या दर्जाचं कार्ड जड गेममध्ये तिथे गुडघे टेकतं. क्यूएचडीला हा भार पावणेदोन पटीच्या आसपास. शिवाय पडद्याचा वेग कार्डाशी जुळवून घेणारी फ्रीसिंक किंवा जी-सिंकची सोय असली की फ्रेम कमी पडल्या तरी चित्र फाटत नाही.

पॅनेलवर फार वाद झाला नाही. जुना व्हीए होता, वक्र. काळा रंग सुरेख, पण अंधाऱ्या दृश्यात हलत्या वस्तूमागे काजळी ओढल्यासारखी दिसायची आणि बहिणीला सरळ रेषा वाकडी भासायची. ओएलईडी पाहिल्यावर दोघांच्याही तोंडाला पाणी सुटलं, किंमत पाहिल्यावर आटलं. दिवसभर टास्कबार आणि कोड एकाच जागी ठेवणाऱ्याला त्यात डाग पडायची धास्तीही असते. राहिला सपाट आयपीएस.

दुकानात बहीण पेन ड्राइव्हमध्ये तीच कॅटलॉगची फाइल आणि पिशवीत तीच पैठणी घेऊन आली. दुकानदार म्हणाला, "साहेब, आमां एक अबज कलर छे!" ही शंभर कोटींची संख्या खोटी नसते, पण ती जिन्याला पायऱ्या किती हे सांगते, जिना किती उंच जातो हे नाही. त्यासाठी एसआरजीबी आणि डीसीआय-पी३ किती टक्के, ते विचारायचं. गडद मोरपंखी एसआरजीबीच्या कुंपणाबाहेर जातो, पी३ मध्ये थोडी जास्त जागा मिळते. पण पी३ वाला पडदा साधे फोटोही भडक दाखवतो, म्हणून मेनूत एसआरजीबी मोड आहे का आणि त्यात ब्राइटनेस बदलता येतो का, हे तिथेच बटणं दाबून पाहिलं. एका मॉनिटरवर तो कुलूपबंद निघाला. तो बाद. खोक्यावर छापलेल्या 'एचडीआर ४००' कडे आम्ही पाहिलंच नाही. एवढ्या उजेडात खरं एचडीआर दिसत नाही.

शेवटी २७ इंची क्यूएचडी आयपीएस, १६५ हर्ट्झ, बावीस हजारांच्या आत घेतला. घरी आणून पहिल्या रात्री खेळलो तर काहीच फरक वाटेना. विंडोजने गुपचूप ६० हर्ट्झवर ठेवला होता! ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन स्वतः बदलावं लागतं. इंजिनिअर असून हे मला बहिणीने दाखवलं.

आता मॉनिटरमध्ये दोन प्रोफाइल आहेत. तिचं एसआरजीबी, ब्राइटनेस ३०, व्हायब्रन्स ५०. माझं गेमचं. संध्याकाळी तिचं काम संपलं की मी माझं लावतो आणि झोपण्यापूर्वी तिचं परत लावायचं असा करार आहे. मागच्या आठवड्यात विसरलो. सकाळी मॉनिटरवर पिवळी चिठ्ठी होती, "दादा, २०० प्रती," एवढंच लिहिलेलं. त्या काकूंनी तिला आता लग्नसराईचा कॅटलॉग दिलाय. ५०० प्रती आहेत, आणि या वेळी प्रूफ ती स्वतः प्रेसवर जाऊन, साडी शेजारी धरून पाहणार आहे.