जिनिंगमधील जुनी लाकूडकामाची यंत्रे : घ्यावी की न घ्यावी?

वऱ्हाडच्या कापसाला आगगाडी मिळाली, १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंतचा फाटा सुरू झाला, आणि त्या पिढीपासून खामगाव, अकोला, अमरावती, बडनेरा या गावी जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहत गेले. अशा काही मोठ्या कारखान्यांच्या आवारात दुरुस्तीसाठी स्वतःचे सुतारखाते असे व त्यात विलायतेहून आलेली ओतीव लोखंडाची यंत्रे असत. पुढे कापूस तंत्रज्ञान अभियान २००० साली सुरू होऊन जिनिंगचे आधुनिकीकरण झाले आणि जुनी सामग्री अडगळीत पडली. तीच आता अधूनमधून विक्रीस निघते.

दर्यापूर तालुक्यातील एका शेतकरी गटाने गेल्या उन्हाळ्यात अशी दोन यंत्रे पाहून ठेवली होती. एक ३६ इंची चाकांचे आरा मशीन, म्हणजे बँडसॉ. दुसरे हाताने लाकूड सरकवावयाचे रंधा मशीन. गटात गावचे मिस्त्री होते. वखराची खोडे, डवऱ्याच्या दांड्या, जू, रुमणी, शिवाय दारे-चौकटी ही त्यांची नित्याची कामे. गटाने भागभांडवल म्हणून जमविलेल्या रकमेपैकी निम्म्याहून अधिक रक्कम या सौद्यात जाणार होती. विसार देण्यापूर्वी त्यांनी मला सोबत येण्यास सांगितले. मी यंत्रविद्येचा पदवीधर नव्हे, शेतीचा आहे. म्हणून माझ्या ओळखीचे एक निवृत्त फिटर बरोबर घेतले.

आवारात शिरताच मिस्त्रींनी यंत्रावरची धूळ पुसली व म्हणाले, “पाहा न साहेब, असं लोखंड आता भेटते का?” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मूर्तिजापूर-अचलपूर-यवतमाळ या अरुंद मार्गावर १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते, हे आपल्याकडील अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा केवळ जुनेपणा हा दोष मानण्याचे कारण नाही. मात्र त्या इंजिनामागे रेल्वेचे कारागीर होते, सुटे भाग घडविण्याची सोय होती. आपल्या गावी यंत्र बिघडले तर ते कोण उघडणार, हे आधी ठरवावे लागते.

फिटरकाकांनी प्रथम रंगाकडे पाहिलेच नाही. त्यांनी लहान हातोडीने चाकाच्या प्रत्येक आरीवर हलके ठोके दिले. अखंड ओतीव लोखंड खणखणते. चीर असेल तर आवाज बद्द येतो. एका ठिकाणी शंका वाटली तेव्हा तेथे घासलेट लावून पुसून घेतले व वरून खडूची पूड उधळली. चीर असल्यास तिच्यात मुरलेले घासलेट बाहेर येऊन खडूवर काळसर रेघ उमटते. तशी रेघ उमटली नाही. मग दांड्याखाली पहार घालून तो वर उचलून पाहिला, तेव्हा तो स्पष्ट हलला. या यंत्रांत गोळ्यांचे बेरिंग नसते. दांडा पांढऱ्या धातूच्या ओतीव अस्तरावर फिरतो. ते अस्तर झिजले होते. असे अस्तर पुन्हा ओतता येते, परंतु ते ओतणारे हात आता थोडे उरले आहेत. जुन्या विलायती यंत्रांचे आटेही बहुधा व्हिटवर्थ पद्धतीचे असतात. बाजारात सहज मिळणारा मिलिमीटर मापाचा बोल्ट त्यांत बळेच पिळल्यास आटे कायमचे जातात.

आता वेगाचा प्रश्न. ही यंत्रे मूळची एका लांब दांड्यावरून चामडी पट्ट्याने फिरणारी. त्यांना आज विजेची मोटार लावावी लागते. गटातील एका तरुणाने १,४४० फेऱ्यांच्या मोटारीवर ६ इंची कप्पी आणि यंत्रावर १२ इंची कप्पी बसविण्याचे ठरविले होते. त्या हिशोबाने यंत्र मिनिटास ७२० फेरे घेते. ३६ इंची चाकाचा परीघ सुमारे ९.४ फूट, म्हणजे करवतीचा पट्टा मिनिटास जवळजवळ ६,८०० फूट धावणार. शंभर वर्षांच्या ओतीव चाकाला हा वेग देणे म्हणजे संकटास बोलावणे होय. फिटरकाकांनी ४५० फेऱ्यांवर थांबावे असे सांगितले. त्यासाठी यंत्रावरील कप्पी सुमारे १९ इंचांची हवी. हा गुणाकार-भागाकार शाळेतील मुलगाही करू शकेल, तरी तो न करता यंत्रे चालू केली जातात, हे नवल आहे. मोटार शेतीपंपाच्या जोडणीवर चालवू असाही एक विचार पुढे आला. तो विद्युत अधिनियम, २००३ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो, हे तेथेच सांगावे लागले.

यानंतरची गोष्ट माझ्या विषयातील असल्याने ती जरा विस्ताराने सांगतो. हे गाव पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात आहे. तेथील काळी माती पावसाळ्यात फुगते व चैत्र-वैशाखात तिला हात शिरेल एवढ्या भेगा पडतात. या फुगण्या-आकसण्याने घरांच्या भिंती तडकतात, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. मग टनभर वजनाचे यंत्र तरी सरळ कसे राहील? पायाचा एक कोपरा दोन सूत जरी उचलला गेला तरी बैठक पिळवटते, वरचे व खालचे चाक एका रेषेत राहत नाही आणि करवतीचा पट्टा सुटून बाहेर येतो. दोष मात्र यंत्राला दिला जातो. जेथे हातभर खोलीवर मुरूम लागतो तेथे ही अडचण नाही. खारपाणपट्ट्यात मात्र काळी जमीन इतकी खोल की मुरुमापर्यंत पोचणे परवडत नाही. अशा जागी माती पुरेशी खोल व यंत्राच्या बैठकीहून बरीच रुंद काढून टाकावी, मुरूम थराथराने पाणी मारून ठोकून भरावा, त्यावर सळईचा जाड काँक्रीटचा ओटा घालावा आणि सभोवार पावसाचे पाणी मुरणार नाही असा उतार द्यावा. काँक्रीट कालविण्यास व भिजविण्यास तेथील विहिरीचे खारे पाणी वापरू नये. ते सळईला गंज आणते. गटाने आपल्या अंदाजपत्रकात पायासाठी एक पैही धरली नव्हती. पाया, वाहतूक, क्रेन, मोटार, स्टार्टर, कप्प्या आणि बेरिंग यांचा खर्च मांडला तेव्हा तो यंत्राच्या मागितलेल्या किमतीहून जास्त झाला.

आरा मशीनबाबत आणखी एक बाब आडवी आली. गोल लाकूड चिरणारी गिरणी ही केवळ मालकाच्या इच्छेने उभी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात ऑक्टोबर २००२ मध्ये नव्या आरागिरण्यांवर निर्बंध घातले आणि पुढे २०१६ साली केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार हा विषय राज्यस्तरीय समित्यांकडे गेला. शेतावरचीच बाभूळ व निंब चिरावयाचा आहे, एवढे कारण मनाशी धरून भागत नाही. कोणत्या मापाचे यंत्र, कोणत्या कामासाठी, कोठे बसविणार हे लिहून वनविभागाकडे विचारणा करावी व लेखी उत्तर हाती आल्यावरच विसार द्यावा. विक्रेता घाई करू लागला तर त्याला करू द्यावी.

राहिले रंधा मशीन. त्यावर मिस्त्रींचा जीव होता, आणि ते दिसावयासही सुरेख होते. परंतु त्याची पाती ज्या दांड्यावर बसवितात तो चौकोनी होता. चौकोनी दांडा फिरताना त्याच्या कडा व टेबलाची ओठ यांमध्ये रुंद फट राहते. लाकूड उडाले की हात तिच्यात जातो, आणि बोटाच्या पेरावर निभावत नाही. इंग्लंडमध्ये १९२२ च्या नियमांनी हाताने लाकूड सरकवावयाच्या रंधा यंत्रास गोल दांडा सक्तीचा केला, तो याचसाठी. म्हणजे हे यंत्र त्याच्या मूळ देशात शंभर वर्षांपूर्वीच अशा कामास नाकारले गेले असते. गावच्या लेथवर नवा गोल दांडा कातून घेऊ, अशी सूचना निघाली. मिनिटास काही हजार फेरे घेणारा व धारदार पाती धरून ठेवणारा भाग अंदाजाने घडविण्याचा नसतो. त्याचा तोल किंचित चुकला किंवा पात्याची पकड सुटली तर समोर मनुष्य उभा असतो. मी स्पष्ट नकार दिला. मिस्त्री बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी आपला डावा हात पुढे केला. करंगळी अर्धी होती. “हे असल्याच मशीनीवर, साहेब. तेव्हा मी शिकाऊ होतो,” ते म्हणाले. हे ठाऊक असूनही ते यंत्र त्यांना हवे होते. कारागिराचे मन असे असते, आणि मला त्याचा राग आला नाही.

परतण्यापूर्वी मी त्यांच्या कामाची वही मागून घेतली होती. वर्षभरात रंध्याचे मोठे काम असलेले दिवस साठ-पासष्टच निघाले, तेही बहुतेक लग्नसराईपूर्वी व मृगाच्या आधी. एवढ्या कामास गोल दांड्याचे, गोळ्यांच्या बेरिंगचे, नवे लहान यंत्र पुरेसे आहे व ते अमरावतीच्या बाजारात मिळते. उलट दांड्या, मुठी, बाजेचे पाय यांचे कातकाम बारमाही होते आणि त्यासाठी ते दर वेळी अकोल्यास जात.

त्याच सुतारखान्याच्या कोपऱ्यात पोत्यांखाली लाकूड कातण्याची एक खराद पडली होती. ती पाहावयास कोणी गेलेच नव्हते. बैठक आखूड, चीर नाही, दांडा घट्ट. सरळ पट्टी ठेवून पाहिली तर बैठकीखालून विडीचा कागदही सरकेना. वजन चार-सहा माणसांनी उचलण्याजोगे, मोटार एका अश्वशक्तीची. तिची किंमत ठरविताना वजन गुणिले भंगाराचा त्या दिवसाचा दर हा पाया धरला, त्यावर थोडी रक्कम चढविली, आणि विक्रेत्याने ती मान्य केली. फिरत्या भागांवर पत्र्याची झाकणे आम्ही येथेच बनवून घेतली. विजेची जोडणी मिस्त्रींच्या कामाच्या प्रयोजनाने स्वतंत्र घेतली.

खराद श्रावणात बसली. पहिले काम गटाच्या अध्यक्षांच्या बाजेचे चार पाय. आरा मशीनसंबंधी वनविभागाला पाठविलेल्या अर्जाची पोच आली आहे, उत्तर यावयाचे आहे. रंधा मशीन अद्याप त्या आवारातच आहे. परवा दुसऱ्या गावचे दोघे ते पाहून गेल्याचे कळले, म्हणून त्यांच्या ग्रामसेवकांमार्फत चौकोनी दांड्याविषयी निरोप पाठविला आहे.