बुध, सातारा आणि अर्थमितीचा पेपर

कोरेगावहून एम.ए.साठी कोल्हापूरला किंवा पुण्याला गेलेल्या विद्यार्थ्याला अर्थमितीचा पेपर बहुधा परका वाटतो. फळ्यावर मॅट्रिक्स, पुस्तकात अमेरिकेतली उदाहरणं, परीक्षेला गृहीतकांची यादी. या विषयातले काही मोठे वाद आपल्याच जिल्ह्यातल्या माणसांनी घातले, हे त्याच्या कानावर क्वचितच येतं. याची मला मनापासून खंत वाटते.

1930 साली अमेरिकेत रॅग्नर फ्रिश आणि आयर्विंग फिशर यांच्या पुढाकाराने इकॉनॉमेट्रिक सोसायटी स्थापन झाली. त्याच वर्षी साताऱ्याच्या रावबहादूर आर. आर. काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले संस्था उभी राहिली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. वाई तालुक्यातल्या शेतीव्यवसायाची त्यांच्या काळातली पाहणी 1940 मध्ये प्रसिद्ध झाली. सूत्रं मांडण्याआधी आकडे शेतावरून आणायचे, ही शिस्त तिथे रुजली.

कोरेगावहून पुसेगावकडे गेलं की पुढे बुध लागतं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म तिथला, 1911 चा. लंडनला संख्याशास्त्रात डॉक्टरेट करून ते परतले आणि 1940 च्या दशकात दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत पिकांच्या उत्पादनाचा अंदाज नमुन्यावरून कसा बांधावा, यावर काम करू लागले. कापणीसाठी निवडलेला तुकडा फार लहान असेल, तर कडेची रोपं आत धरली जातात आणि उत्पादन फुगून दिसतं, असं त्यांनी दाखवून दिलं. या मुद्द्यावर खुद्द ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांशी त्यांचा मतभेद झाला. आज पीक विम्याच्या भरपाईसाठी शेतात जो पीक कापणी प्रयोग होतो, त्यात तुकडा केवढा घ्यायचा यामागे हा वाद आहे.

वि. म. दांडेकर साताऱ्याचे, जन्म 1920 चा. तेही मूळचे संख्याशास्त्रज्ञ, कलकत्त्यात शिकलेले. नीळकंठ रथ यांच्यासोबत 1971 मध्ये त्यांनी भारतातल्या दारिद्र्यावर जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात माणशी रोज 2,250 कॅलरींचा आधार घेऊन गरिबी मोजली होती.

इथेच सुखात्मे आणि दांडेकर समोरासमोर आले. अर्थमितीच्या वर्गात ऑटोकोरिलेशन शिकवतात ते बहुतेक दोष म्हणून: आजची त्रुटी कालच्या त्रुटीला बांधलेली असते, मग डर्बिन-वॉटसन चाचणी लावा आणि दुरुस्त करा. सुखात्म्यांनी तीच कल्पना माणसाच्या शरीराला लावली. 1982 मध्ये शेल्डन मार्गेन यांच्यासह त्यांनी मांडलं की एकाच निरोगी माणसाच्या शरीरातला ऊर्जेचा हिशोब रोज बदलतो, आजचा दिवस कालच्या दिवसावर अवलंबून असतो आणि शरीर काही मर्यादेत जुळवून घेतं. म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येकजण कुपोषित धरला, तर भुकेल्यांची संख्या वाढवून सांगितली जाते. दांडेकरांना हे मान्य नव्हतं. 1980 च्या दशकात त्यांनी त्याला लेखांतून जाहीर विरोध केला.

मला दांडेकरांची बाजू पटते. रोजच्या चढउताराचं गणित एका माणसापुरतं खरं असेल. पण जे कुटुंब वर्षभर कमीच खातं, त्याची उणीव चढउतार म्हणून कशी सोडून द्यायची? तरीही सुखात्म्यांचा प्रश्न टाळता येत नाही. रेषा कुठे ओढायची हे ठरवताना आकडा कसा हलतो, हे आधी समजून घ्यावंच लागतं. एका समीकरणातल्या एका गुणकावर किती माणसं भुकेली मोजली जाणार हे ठरत होतं, आणि वाद घालणारे दोघेही या जिल्ह्यात जन्मलेले होते.

पदव्युत्तर वर्गाला शिकवणाऱ्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे: ऑटोकोरिलेशनच्या प्रकरणाला पुढच्या सत्रात एक तास जास्त द्या, आणि त्या तासाला सुखात्मे आणि दांडेकर यांचे लेख विद्यार्थ्यांच्या हातात द्या.