तिथी बघून मुंबई बघा

जुन्नर-आंबेगावच्या नव्या जोडप्याला मुंबई स्वस्तात पाहता येते. भावकीतलं कुणी तिथे डबे पोचवतं, कुणी माथाडीत असतं. चार रात्री पाठ टेकायला जागा मिळते. एसटी माळशेज उतरून कल्याणला सोडते, पुढे लोकल आहेच. अशा जोडप्याला माझं एकच सांगणं आहे: आधी बंदर पाहा, आणि घरातून निघताना भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या दिवसाची तिथी बघा. मुंबईतलं सगळ्यात मोठं आश्चर्य फुकट आहे आणि ते तिथीवर चालतं.

आपल्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा, की भरतीची वेळ आली. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणून दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि पहाटेही तशीच. अष्टमीला सहा वाजता. अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. ज्या चतुर्थीला आपल्याकडे लेण्याद्री-ओझरला रांग लागते, त्याच चतुर्थीने तिकडे समुद्राची वेळ ठरते!

हे जमतं कसं? पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते, तोवर चंद्र थोडा पुढे गेलेला असतो. त्याला गाठायला तिला सरासरी ५० मिनिटं जास्त लागतात, म्हणून भरती रोज तेवढी उशिरा येते. आणि तिथी म्हणजे तरी काय? चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी. १५ तिथींत भरतीची वेळ १२ तास पुढे जाते, म्हणजे दर तिथीला ४८ मिनिटं. कोळ्यांनी ती तोंडी हिशेबाला सोपी व्हावीत इतकीच कमी केली: पाऊण तास. उपासतापासासाठी आपण उघडतो ते पंचांग समुद्राचं वेळापत्रकही आहे, हे कळल्यावर मी कितीतरी वेळ त्या पानाकडे बघत राहिलो.

आता हे डोळ्यांनी पाहा. १९२४ साली पुऱ्या झालेल्या गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावर ओहोटीला जा. पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर एक रेघ स्पष्ट दिसते: वरचा दगड कोरडा, खालचा हिरवट, बुळबुळीत, त्याला कालवं चिकटलेली. सहा तासांनी परत या. ती रेघ पाण्याखाली गेलेली असते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य-चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण येतं आणि पाणी चार मीटरच्याही वर चढ-उतार करतं. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात पडते आणि भरती-ओहोटीतलं अंतर कमी होतं, तो भांग.

एक पहाट ससून डॉकला द्या. १८७५ पासूनचा हा धक्का उजाडायच्या आतच जागा असतो. होड्यांतून माशांच्या टोपल्या वर येतात, कोळणींचे लिलाव रंगतात. दुसऱ्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच धरा. थोड्या पैशांत अख्खं बंदर ओलांडून होतं. पण तिथी बघूनच. मोऱ्याला गाळ साचतो आणि मोठ्या ओहोटीला लाँच बंद ठेवावी लागते. घारापुरीला जायचं तर सोमवार टाळा, लेणी बंद असतात.

हा गाळ नीट बघा, कारण तो आपल्या जुन्नरच्या इतिहासातही आहे. सातवाहनांच्या काळात जुन्नर ही मोठी बाजारपेठ होती. तिथला माल नाणेघाट उतरून कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाई. ही दोन्ही खाडीकाठची बंदरं. गलबतं भरतीबरोबर आत येत, ओहोटीबरोबर बाहेर पडत. पुढे खाड्या गाळाने उथळ झाल्या. सोपारा आज नालासोपारा आहे, पश्चिम रेल्वेवरचं गजबजलेलं स्टेशन, आणि जहाजांनी खोल पाण्याचं मुंबई बंदर धरलं.

म्हणून मुंबई बघून झाली, की सवडीने नाणेघाटात जा. तिथल्या एका पाण्याच्या टाक्यावरचा ब्राह्मी लेख सांगतो, की ते सोपाऱ्याच्या गोविंददासाचं दान आहे. बंदरातल्या त्या माणसाने घाट चढून दमणाऱ्या वाटसरूंसाठी कातळात गोड्या पाण्याची सोय केली. घाटमाथ्याची माणसं आजही बंदराकडे पोटासाठी जातात; बंदराकडची माणसं घाटावर काय ठेवून गेली, हेही पाहायला हवं.