घोटलेला डावच कामी येतो

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवले. त्याच वर्षी विल्यम हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की समोर पर्याय जितके जास्त, तितका निर्णयाला वेळ जास्त लागतो. सातारा-सांगलीच्या तालमींना हे अनुभवाने ठाऊक आहे. म्हणून तिथे एकच डाव वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर पुन्हापुन्हा घोटून घेतात.

सराव झाला की हालचाल आठवून करावी लागत नाही. अनुमस्तिष्कासारखे मेंदूचे भाग ती सांभाळतात. भीतीच्या क्षणी हे फार मोलाचे ठरते. अ‍ॅड्रेनलिन उसळते, छाती धडधडते, बोटे थरथरतात. तेव्हा नाजूक युक्त्या फसतात, अंगवळणी पडलेलेच घडते.

म्हणूनच मुलींसाठीच्या एक दिवसाच्या स्वसंरक्षण शिबिरांची मला काळजी वाटते. एका दुपारी पंधरा डाव दाखवले, तर हिकच्या नियमाने गोंधळच वाढणार. शिवाय न वापरलेले कौशल्य काही महिन्यांत विरते. छाती दाबून जीव वाचवण्याचे प्रशिक्षण घेतलेल्यांच्या बाबतीत हे वारंवार दिसले आहे.

त्यापेक्षा मोजकेच शिकवा: जोरात ओरडणे, पकडणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूने मनगट सोडवणे आणि पळणे. आठवड्यातून दोनदा दहा-दहा मिनिटे पुरेत, कारण अंतराने केलेला सराव जास्त टिकतो. शाळांनी वेळापत्रकात हा तास आधी बसवावा, शिबिराची तारीख मग ठरवावी.