वाकलेली पाठ, गप्प स्नायू

उसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या सणसरच्या शिवारात बीडकडच्या तोडकऱ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. एकदा फडाच्या बांधावर बसलो असताना तोड करणाऱ्या बाईला सहज विचारलं, "दिवसभर वाकून कंबर दुखत नाही का गं?"

ती म्हणाली, "चाचा, वाकल्यावर नाही दुखत. मोळी उचलून उभं राहाया गेलं की कळ निघती."

मला हे उलटंच वाटलं. मी बी. ए. झालेला माणूस, कविता लिहिणारा. शरीरशास्त्राशी माझा संबंध मटणाच्या दुकानापुरता. पण तिचं बोलणं डोक्यातून जाईना, म्हणून पुस्तकं चाळली, आणि धागा सापडला तो मटणाच्या दुकानातच. चापेत हाडाला लागून जो गोल, मऊ तुकडा असतो, तो बकऱ्याच्या पाठीचा खोल स्नायू. आपल्यालाही तो असतोच.

पाठ चोळताना हाताला लागतात ते वरचे रुंद स्नायू मुख्यतः हात आणि खांदे हलवण्यासाठी असतात. कणा सांभाळणारे त्यांच्याखाली दडलेले. कण्याच्या दोन्ही अंगांना कमरेपासून वर मानेकडे गेलेले जाड दोरखंड म्हणजे 'इरेक्टर स्पायनी'. प्रत्येक बाजूला त्यांचे तीन पदर. आणखी आत, मणक्यांना खेटून 'मल्टिफिडस' असतो. तिरक्या लहान पट्ट्यांचा हा स्नायू कमरेत सर्वांत जाड. एकेक पट्टी दोन ते चार मणके ओलांडून खालच्या मणक्याला बांधलेली. दोरखंड पाठ उचलतात, तर या पट्ट्या मणके जागच्या जागी धरून ठेवतात.

आता त्या बाईच्या कोड्याकडे येऊ. नमाजात रुकूला आपण पाठ सपाट ठेवून कमरेत वाकतो, तेव्हा हे दोरखंड ताणून काम करत असतात. पण ऊस बुडख्याशी तोडायला माणूस पुरता वाकला, पाठ गोल झाली, की कमरेतले दोरखंड चक्क गप्प होतात! फ्लॉइड आणि सिल्व्हर या संशोधकांनी 1950च्या दशकात स्नायूंतले विद्युतसंकेत मोजून हे दाखवलं. मग भार पेलतं कोण? मणक्यांना बांधणारे अस्थिबंध आणि मधल्या चकत्या. त्या वेळी दुखतंच असं नाही. पण बराच वेळ ताणलेले अस्थिबंध सैलावतात, स्नायूंना जागं करणारा इशारा मंदावतो, आणि नेमक्या त्याच वेळी आपण मोळीला हात घालतो. मग गावाकडे म्हणतात तशी उसण भरते.

मोळी डोक्यावर चढली की भार निदान कण्याच्या रेषेत येतो. तुकोबांची पालखी आमच्याकडे मुक्कामाला येते, तेव्हा डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया किती ताठ चालतात, ते आम्ही दरवर्षी बघतो. घात होतो तो उचलण्याच्या क्षणी.

आणखी एक गोष्ट. कंबर दुखली की दुखऱ्या बाजूचा मल्टिफिडस बारीक होतो. कळ थांबली तरी तो आपोआप पूर्ववत होतोच असं नाही, असं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना 1996 साली आढळलं. नेमका व्यायाम करून घेतलेल्यांचा मात्र भरून आला. म्हणजे 'राहिलं एकदाचं' म्हणून लगेच कोयता हाती घेणारा माणूस आतून कमजोरच असू शकतो. आणि व्यायाम शिकवणारा कोपीवर कधी येणार?

पुढच्या खेपेला मी त्या बाईला सांगितलं, की वाकून काम झालं की मोळीला हात घालण्याआधी मिनिटभर ताठ उभी राहा, जरा मागे झुक, आणि जड मोळी दोघांनी मिळून उचला. तिनं ऐकून घेतलं, कमरेवर हात ठेवून मागे झुकलीही. मग गाडीकडे बघत म्हणाली, "बरं वाटतंय चाचा. पर हिशेब टनावर हाय. मोळ्या किती, आन् मिनिटं किती?"

तिच्या या हिशेबाला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. तिच्या नवऱ्यानं मोळीचं दुसरं टोक धरलं, तेवढंच.